धूर कुणाच्या गच्चीतून जाणार? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थंडी पडली की दरवर्षी आंब्याच्या मोहोराचे प्रश्न येतात, या वेळी मात्र आगीचे आलेत. फ्लॅटमध्ये फायरप्लेस, बाल्कनीत चूल, टेबलावर ठेवायची शेकोटी, सगळंच. एका अंकात मावतील तेवढे घेतलेत, पहिलं उत्तर लांबलंय कारण निम्म्या लोकांचा प्रश्न तोच आहे.

प्रश्न : काका, दापोलीत आम्ही सेकंड होम म्हणून फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला, वर डायरेक्ट गच्ची आणि त्यावर पत्र्याची शेड. डिसेंबर-जानेवारीत मस्त थंडी असते आणि मिसेसची फार इच्छा आहे की हॉलमध्ये खरीखुरी लाकडाची फायरप्लेस हवी, विटांची, मोठी. बिल्डर म्हणतो करा काय करायचं ते. सेक्रेटरी म्हणतात सरकारी पत्र आणा, सरकारी ऑफिसात गेलो तर म्हणाले सोसायटीची एनओसी आणा. नक्की परवानगी कोणाची घ्यायची? पाइप गच्चीतून वर काढला तर कोणाला त्रास नाही, वर कोण राहतच नाही ना.
– एक वाचक, मुक्काम पुणे आणि दापोली

उत्तर : दादा, रत्नागिरीतून हा प्रश्न आला असता तर मी पंखा घ्या म्हणून सांगितलं असतं, पण दापोलीत पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो, मिनी महाबळेश्वर लोक उगाच म्हणत नाहीत, त्यामुळे तुमच्या मिसेसचं काही चुकत नाहीये.

आता मुद्द्याचं. डोक्यातून थोडा वेळ फायरप्लेस काढा आणि तिथे धुराडं ठेवा, कारण परवानगी खरं तर धुराड्याची लागते. फायरप्लेस तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या चार भिंतींत, तिचं कोणाला काही पडलेलं नाही. पण धूर जिथून बाहेर जाणार तो स्लॅब तुमचा एकट्याचा नाही, बाहेरची भिंत नाही आणि गच्ची तर मुळीच नाही. "वर कोण राहतच नाही" हे बरोबर आहे पण गच्ची सगळ्यांची असते, टॉप फ्लोअरवाल्याची जरा जास्त असते असं काही नसतं, कितीही लोकांना तसं वाटत असलं तरी.

कायद्यात पण हीच रेघ आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे घराच्या फक्त आतलं काम, किंवा ज्याने बाहेरून बिल्डिंगच्या दिसण्यात फारसा फरक पडत नाही असं काम, त्याला विकास परवानगी लागत नाही. म्हणून टाइल्स बदलताना, फर्निचर करताना कोणी नगरपंचायतीत जात नाही. पण स्लॅबला भोक पाडून गच्चीवर पाइप काढला की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर गेलात. मग आपल्याकडे डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती, तिच्याप्रमाणे लायसन्सवाल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनियरमार्फत नकाशा देऊन नगरपंचायतीला विचारावं लागेल.

सोसायटी की ऑफिस, आधी कोण, ते एकमेकांकडे बोट दाखवतायत कारण तुम्ही दोन्हीकडे मोकळ्या हाताने गेलात. आधी स्ट्रक्चरल इंजिनियर. त्याच्याकडून ड्रॉइंग आणि पत्र घ्या, त्यात वजन किती, ते कुठल्या बीमवर बसणार, भोक कुठे आणि केवढं, सळई कापली जाणार का, सगळं लिहिलेलं. ते घेऊन सोसायटी. सोसायटीचा ठराव हातात आला की मग ऑफिस. या क्रमाने गेलात तर निदान प्रत्येक जण कागद बघून बोलेल.

सोसायटीचंही एक बघा, तुमची रजिस्टर्ड हाउसिंग सोसायटी आहे की अपार्टमेंट. शेअर सर्टिफिकेट असेल तर सोसायटी, डीड ऑफ डिक्लेरेशन असेल तर १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्यातली. फरक मोठा आहे. सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅटमध्ये काही वाढवायचं-बदलायचं तर कमिटीची आधी लेखी परवानगी लागते, आणि तुम्ही सामायिक गच्ची वापरताय म्हणजे विषय सर्वसाधारण सभेत न्यायचा. तो अजेंड्यावर छापून यायला हवा, चहा-वडा झाल्यावर "ऐनवेळच्या विषयात" घुसवू नका, नंतर एकाने हरकत घेतली की ठराव पडला. अपार्टमेंट असेल तर अजून कठीण, इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असं काम किंवा मोठं बांधकाम वाढवायचं तर बाकीच्या सगळ्या फ्लॅटधारकांची एकमताने संमती लागते. सेकंड होमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे मालक पुण्या-मुंबईला, त्यातला एक फोन उचलत नाही, एकाचं भावाशी कोर्टात चालू, संपलं.

आणि बिल्डरच्या "करा काय करायचं ते" ला काही अर्थ नाही हो. उलट ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर जपा, घरखरेदीच्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे स्ट्रक्चरमधला दोष त्या मुदतीत त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तुम्ही स्लॅबला हात लावलात की पुढे बिल्डिंगमध्ये कुठेही गळलं तरी तो तुमच्या पाइपाकडेच बोट दाखवणार.

आता विटांच्या मोठ्या फायरप्लेसचं. रहायच्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात, म्हणजे माणसं, सोफा, कपाट वगैरे. वीटकाम घनमीटरला १९०० किलोच्या आसपास भरतं. तुम्ही ५ फूट रुंद, २ फूट खोल, छतापर्यंत असं काही बांधलंत तर मधली पोकळी वजा करून सुद्धा अडीच-तीन टन सहज होतात, आणि ते सगळं एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं केलं तरी हलकं होत नाही, कोणी सांगितलं तर ऐकू नका. खाली दुसऱ्या मजल्यावरचे लोक झोपतात, त्यांच्या डोक्यावर हे नको. माझं मत विचाराल तर कास्ट आयर्नचा बंद स्टोव्ह घ्या, पुढे काच असलेला, शंभर-दीडशे किलोत होतो, ज्वाळा दिसतात, आणि उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातूनच वर निघून जाते तसं यात होत नाही. कमिटीपुढे ठेवायलाही बरा, वजन कमी, पाइप बारीक.

पाइपाबद्दल कोकणात दोन-तीन गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतात ज्या कॅटलॉगमध्ये नसतात. इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा, इतक्या पावसात स्लॅबला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पुढची भांडणं, त्यामुळे वॉटरप्रूफिंगवाला आधी ठरवा आणि भोक पाडणारा नंतर, आणि गळती झाली तर खर्च माझा असं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर स्वतःहून द्या, कमिटीचा अर्धा विरोध तिथेच गळतो. शेडच्या पत्र्यातून पाइप जाणार तिथे डबल वॉल, मध्ये इन्सुलेशन असलेलाच हवा. पाइप शेडच्या वर चांगला उंच, निदान तीनेक फूट, नाहीतर धूर पत्र्याखाली साठणार आणि तिथे लोकांनी कुरडया वाळत घातलेल्या असणार. खाऱ्या हवेला ३०४ ग्रेड स्टीलवरही डाग पडतात, ३१६ मागा. आणि गाय वायर, म्हणजे ताणाच्या तारा, लावून पक्का बांधा, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडचे पत्रे कुठे कुठे जाऊन पडले ते विसरलात का?

काही लोक शॉर्टकट म्हणून पाइप किचन चिमणीच्या डक्टला जोडतात किंवा संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये सोडतात. अजिबात नाही. किचन चिमणीचा तो घडीचा अॅल्युमिनियम पाइप तेलकट वाफेसाठी असतो, आगीच्या धुरासाठी नाही, आणि बाथरूमच्या डक्टमध्ये सगळ्यांचे पीव्हीसी पाइप आणि खिडक्या असतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, गॅस गिझरने बंद बाथरूममध्ये माणसं जातात ती यानेच. खोलीत अलार्म लावा, आणि सगळ्या स्लायडिंग खिडक्या घट्ट लावून आग पेटवू नका, आगीला बाहेरची हवा यायला एक कायमची जाळी ठेवा.

लाकूड सुकं लागेल. पावसाळा संपल्यावर विकत घेतलेलं आंब्याचं ओलं लाकूड जाळलंत तर धूरच जास्त आणि पाइपात आतून डांबरासारखा थर धरतो, तोच पुढे पेट घेतो. वर्षातून एकदा पाइप साफ करायला माणूस लागेल, आणि दापोलीत धुराडं साफ करणारा माणूस शोधणं हे परवानगीपेक्षा अवघड काम आहे. काजूच्या टरफलांचा मोह टाळा, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्या-घशाला झोंबतो.

कमिटीने नाही म्हटलं तर नकार लेखी, कारणासकट मागा. सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार, पुढे सहकार न्यायालय, रस्ते आहेत. पण वर्षातून आठ-दहा रात्रींच्या शेकोटीसाठी शेजाऱ्यांशी कोर्टात जायचं का ते मिसेसना विचारा. त्यापेक्षा कमिटीला विचारून खाली कंपाउंडमध्ये शेकोटी करा, सगळी बिल्डिंग येईल.

प्रश्न : मी रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीत मातीची चूल मांडून रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापवतात, कधी भाकऱ्या, कधी माशाचं कालवण. त्या म्हणतात गॅसवरच्या भाकरीला चव नाही. वरच्या मजल्यावरची वहिनी म्हणते सगळ्या कपड्यांना धुराचा वास, बाळाला खोकला. आजींचा मुलगा म्हणतो बाल्कनी आमची, चुलीला कसली परवानगी? मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. नियम काय?

उत्तर : ताई, नियम तुमच्या बाजूने आहे. बाल्कनी त्यांची असली तरी धूर बाल्कनीत थांबत नाही, आणि दुसऱ्या सभासदांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही हे उपविधींत स्पष्ट आहे. त्यात बाल्कनीत चूल म्हणजे वरून लोंबणारे कपडे, नायलॉनच्या दोऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, शेजारी चुडतांची, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांची, मोळी, एक ठिणगी पुरे. बाळाला खोकला असेल तर मी तर वाट बघणार नाही, कमिटीचं पत्र आजच द्या, मुलाच्या नावाने, आजींच्या नाही.

पण नुसतं पत्र देऊन प्रश्न सुटत नाही. चाळीस-पन्नास वर्षं मागच्या पडवीत चुलीपुढे बसलेल्या बाईला तुम्ही इंडक्शन देताय. कौलारू घरात धूर कौलांच्या फटीतून आपोआप निघून जायचा, वासे-रिपा त्या धुराने टिकायचे, वाळवी लागायची नाही, तिथे धूर हा घराचा भागच होता. स्लॅबखाली त्याला जायला वाट नाही, तो वरच्या वहिनींच्याच खिडकीतून जाणार, एवढं आजींना कोणीतरी समोर बसून सांगितलंय का? सेक्रेटरी म्हणून नको, चहाला जा.

आणि जमलं तर सभेत एक ठराव घ्या, बिल्डिंगच्या मागे, खिडक्यांपासून आणि पार्किंगपासून लांब, छोट्या पत्र्याखाली एक सामायिक चूल. वेळ ठरवा, पाण्याचा नळ किंवा निदान बादली जवळ ठेवा. सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, आणि लाकडं मीटर रूममध्ये रचू देऊ नका, हे मी मुद्दाम सांगतोय कारण रिकामी कोरडी जागा दिसली की कोकणात पहिल्यांदा तिथे सोडणं जातात. आणि बघा, चूल झाली की गौरी-गणपतीत मोदकाची मोठी पातेली तिथेच चढतील, वरची वहिनी पण येईल.

प्रश्न : आमची मुलगी लंडनला असते. तिकडे त्यांनी जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतलाय, हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे पण लिंपून बंद केलेली. ती उघडून पुन्हा चालू करायची म्हणते, पण स्वतःच्याच फ्लॅटमध्ये, आधीच असलेल्या फायरप्लेससाठी परवानगी आणि वर परवानगीची फी मागतायत. फसवत तर नाहीत ना तिला? आम्ही चिपळूणला बसून काही कळत नाही.

उत्तर : फसवत नाहीत. तिकडे बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे फ्लॅट ठराविक वर्षांसाठी आणि बिल्डिंगची मालकी दुसऱ्याची, तो फ्रीहोल्डर. लीजच्या कागदात लिहिलेलं असतं की बदल करायचे तर त्याची संमती, आणि त्याच्या सर्व्हेयरची, वकिलाची फी मागणाऱ्याने भरायची. तिने आधी लीज वाचायची, त्यात धुराडं कोणाचं आहे तेही सापडतं, बऱ्याचदा ते फ्रीहोल्डरचं असतं.

धुराड्याचा इतिहास लंडनला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने आणि धुक्याने हजारो माणसं गेली, त्यानंतर १९५६ चा क्लीन एअर अॅक्ट आला. आज लंडनचा बराचसा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात आहे, तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये साधं लाकूड जाळता येत नाही, मान्यताप्राप्त बिनधुराचं इंधन किंवा मान्यताप्राप्त स्टोव्हच लागतो. स्टोव्ह बसवायचा तर हेटाससारख्या संस्थेकडे नोंदणी असलेला माणूस बोलवायचा, तो कामाचं सर्टिफिकेट देतो, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे आधी अर्ज. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच. बिल्डिंग लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतली असेल तर अजून एक परवानगी.

मुख्य म्हणजे ते जुनं धुराडं वरच्या मजल्यांच्या भिंतींतून जातं. शंभर वर्षांच्या विटांच्या जोडातून धूर वरच्यांच्या बेडरूममध्ये झिरपू शकतो, म्हणून आधी साफ करून धुराची टेस्ट घेतात, गरज असेल तर आतून स्टीलचा पाइप सोडतात. मुलीला म्हणावं टेस्टचे पैसे वाचवू नकोस. बाकी फी महाग वाटली तर जुनी फायरप्लेस तशीच ठेवून आत दिवे लावायचे, तिकडे बरेच जण तेच करतात.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात प्रचंड ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी. ऑनलाइन बिनधुराची बायोइथेनॉल फायरप्लेस बघितली, चिमणी लागत नाही, परवानगी लागत नाही असं लिहिलंय. घेऊ का? रूम कोरडी होईल ना?

उत्तर : नका घेऊ, निदान ओलीसाठी तर नकोच. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, ते जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. एक लिटर इथेनॉल जाळलं तर जवळजवळ ९०० मिली पाणी वाफेच्या रूपात खोलीतच येतं, धुराडं नाही म्हणजे ते जाणार कुठे? थोडा वेळ ऊब वाटेल आणि रात्री तीच वाफ थंड भिंतीवर आणि कपाटामागे बसेल. बुरशीला तुम्ही विकतचं पाणी पाजताय.

भोक पाडायचं नसल्याने स्लॅबचा, गच्चीचा प्रश्न नाही हे खरं, पण ज्वालाग्राही पदार्थाचे डबे घरात साठवायला उपविधींप्रमाणे सोसायटी हरकत घेऊ शकते, आणि घ्यावी. इथेनॉलला आपल्या खोलीच्या तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सुटते. ज्वाळा उजेडात नीट दिसत नाही, विझली वाटून गरम बर्नरमध्ये परत ओततात आणि डब्यासकट भडका होतो, या वस्तूंचे अपघात बहुतेक असेच होतात.

ओलीसाठी डीह्युमिडिफायर घ्या, टाकीत साठलेलं पाणी बघूनच पटेल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि ओल बाहेरच्या भिंतीतून झिरपत असेल तर भिंतीचं वॉटरप्रूफिंग, ते सोसायटीचं काम आहे, त्यासाठी जरूर अर्ज करा.

प्रश्न : अलिबागला भाड्याने राहतो. इलेक्ट्रिक फायरप्लेस भिंतीवर लावली तर घरमालकाची परवानगी लागेल का? सोसायटीची?

उत्तर : सोसायटीची नाही, धूरच नाही तर त्यांचा संबंध काय. मालकाला मात्र विचारा. स्टँडवर ठेवायची असेल तर व्हॉट्सअॅपवर एक मेसेज पुरे, भिंतीत खाच मारून बसवायची असेल तर लेखी होकार घ्या आणि जाताना पुट्टी-रंग कोण करणार तेही त्यातच लिहा, डिपॉझिट अडकतं ते इथेच. २००० वॅटचा हीटर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका, समुद्राजवळच्या घरात सॉकेटच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात, तिथेच गरम होऊन वितळतं. इलेक्ट्रिशियनकडून आधी अर्थिंग तपासून घ्या. तासाला दोन युनिट जातील. हीटर बंद ठेवून नुसती खोटी ज्वाळा चालते बहुतेक मॉडेलमध्ये, अलिबागच्या हवेत तेवढी पुरे.